तापकीर गल्लीतील एक सकाळ

पर्युषणाचा पाचवा दिवस होता. उपाश्रयात भगवान महावीरांच्या जन्मवाचनाचा सोहळा चालला होता. चौदा स्वप्ने एकामागून एक उतरत होती आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर पेढीच्या लहानशा खोलीत मेहताजी आणि मी बोलीच्या नोंदी घेत बसलो होतो. आमच्या संघात बोली अजून मणांत बोलली जाते. मणाचा ठरलेला भाव लावून रुपये करायचे, नाव लिहायचे, संगणकातून पावती काढून द्यायची, असा आमचा शिरस्ता. बँकेतून निवृत्त झाल्यावर संघाने हिशेबाचे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हापासून हा दिवस माझ्या दृष्टीने वर्षाचा ताळेबंद मांडण्याच्या दिवसाइतकाच महत्त्वाचा असतो.

त्या दिवशी सकाळपासून संगणकातला पंखा घरघरत होता. ती घरघर आम्हाला नवी नव्हती. पण पाळण्याची बोली संपली, ज्या कुटुंबाने ती घेतली ते पेढीच्या दारात आनंदाने येऊन उभे राहिले आणि नेमक्या त्या क्षणी पडदा काळा झाला. संगणक पुन्हा चालू केला. पाच मिनिटांत पुन्हा बंद. दारात गर्दी वाढत होती, तीन विश्वस्त पाहत होते, आणि माझा तोल गेला. मी सर्वांच्या देखत म्हणालो, “मेहताजी, नऊ वर्षं झाली, तुम्हाला एक यंत्र नीट सांभाळता येत नाही?”

मेहताजी काही बोलले नाहीत. त्यांनी कपाट उघडले, जुने पावती-पुस्तक आणि लाल कापडी बांधणीची वही काढली आणि बैठक मांडून लिहायला सुरुवात केली. रात्री जमा ताडून पाहिली तेव्हा एका रुपयाचाही फरक नव्हता.

आता खरी हकीकत सांगतो. आषाढात याच मेहताजींनी मला दोनदा सांगितले होते की पंखा बदलून घ्यावा. मी ते ऐकले नव्हते. घरघर पहिल्यांदा सुरू झाली ती गेल्या मार्गशीर्षात. थंडीच्या सकाळी संगणक चालू केला की दहा मिनिटे आवाज येई, मग थांबे. मी पंख्याच्या मध्यावरचा कागदी शिक्का उचलून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. आवाज गेला, आणि मला स्वतःचे मोठे कौतुक वाटले. ते तेल तीन महिने टिकले. चैत्रात पुन्हा घातले, ते दोन महिने टिकले. आषाढात तिसऱ्यांदा घातले, ते जेमतेम तीन आठवडे. बँकेत आम्ही थकीत कर्जाचे ‘नवे-जुने’ करणारे पुष्कळ शाखाधिकारी पाहिले. मुदत वाढवून दिली की कागदावर खाते निरोगी दिसते, पण प्रत्येक मुदतवाढ आधीच्यापेक्षा लवकर संपते. इतरांच्या खात्यात हे लक्षण मी चटकन ओळखत असे. माझ्या हातच्या तेलाच्या बाबतीत मात्र ते मला दिसले नाही.

त्या रात्री प्रतिक्रमणानंतर विश्वस्तांची छोटी बैठक झाली. एक तरुण विश्वस्त, ज्याच्या वडिलांनी माझ्याच शाखेतून पहिले कर्ज घेतले होते, आदबीने म्हणाला, “काका, नवाच संगणक घेऊ. पंख्याचं जाऊ द्या, पण याच्यातल्या विंडोज १०ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ला संपतेय आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रावर बसत नाही. आज पंखा बदलाल, उद्या दुसरं काही निघेल.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दाता मिळाला असता, हेही खरे. पण संगणकाचा खर्च देवद्रव्यातून करता येत नाही. तो साधारण खात्यावर पडतो, आणि साधारण खात्याची अवस्था प्रत्येक संघाच्या हिशेबनिसाला ठाऊक असते. दात्याने दिलेली रक्कम संगणकावर गेली तर पाठशाळेच्या पंगतीला, पुस्तकांना कमी पडते. शिवाय मला एक गोष्ट दिसत होती. नव्या संगणकाचा विषय निघाला तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या मेहताजींचा चेहरा उतरला. नवे यंत्र, नवी प्रणाली आणि तिच्याबरोबर कदाचित नवा माणूस, असा तो हिशेब त्यांनी मनात मांडला असावा. मी संवत्सरीपर्यंत मुदत मागून घेतली.

संवत्सरीला प्रतिक्रमण झाले. दोन-अडीचशे माणसांच्या रांगेत हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणत पुढे सरकताना मेहताजीही समोर आले. त्यांनाही म्हणालो. पुढच्या माणसालाही तेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. मुगाच्या पाण्याने पारणे केले आणि पेढीत गेलो. संगणकाची पेटी टेबलाखाली, जमिनीला टेकून ठेवलेली होती. वीजजोडणी काढून तिची बाजूची पत्र्याची झाकणी सरकवली तेव्हा आत धुळीचा गालिचा, एका कोपऱ्यात कोळ्याचे जाळे आणि तळाशी बारीक लाल मुंग्यांची रांग. चातुर्मासात हे व्हायचेच. मी ब्लोअर उचलला होता. मेहताजींनी तो माझ्या हातातून हलकेच घेतला आणि पुंजणी आणली. त्यांनी आधी कोळी एका कागदावर उतरवून बाहेर तुळशीजवळ नेऊन सोडला. मुंग्या जाईपर्यंत आम्ही अर्धा तास थांबलो. साधू-साध्वी आपली वस्त्रे, पात्रे रोज दोन वेळा उलटसुलट करून निरखतात, त्याला पडिलेहण म्हणतात, हे आपण सारे जाणतो. ते जीवदयेसाठी असते. पण मला त्या अर्ध्या तासात जाणवले की जो माणूस वस्तू रोज निरखतो त्याला ती झिजत आल्याचेही आधी कळते. मेहताजींना आषाढातच कळले होते.

मग ब्लोअर चालवला, तोही पंख्याची पाती बोटाने धरून. हवेच्या झोताने पाती वेगाने फिरू दिली तर पंख्याची मोटर उलट वीज निर्माण करते आणि ती मूळ पाटीला बाधू शकते. बेअरिंगवरही नको तो ताण येतो. चार स्क्रू काढून पंखा सोडवण्याआधी मोबाइलवर छायाचित्र घेतले, म्हणजे वायर कुठे लावली होती आणि हवा कोणत्या दिशेने जात होती हे विसरायला नको. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. पंखा रुमालात गुंडाळून पिशवीत घातला आणि निघालो.

स्वारगेटहून मंडईपर्यंत आता भुयारी मेट्रो आहे. २०२४च्या सप्टेंबरअखेर ती सुरू झाली आणि आमच्यासारख्यांना पेठेत जाण्याचे भय उरले नाही. मंडई स्थानकातून वर आलो की समोर महात्मा फुले मंडईची दगडी इमारत आणि तिचा मधला उंच मनोरा. १८८६ पासून ती वास्तू भाजीबाजार म्हणूनच वापरात आहे. तिचे छप्पर दुरुस्त झाले, दगड साफ झाले, गाळे बदलले, पण काम तेच राहिले. गणेशोत्सवाचा दुसरा दिवस होता. पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो महिलांचे अथर्वशीर्ष पठण झाले होते. गर्दी ओसरली होती, पण रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या, केवड्याचा वास आणि परतीच्या वाटेवर चहा घेणाऱ्या नऊवारीतल्या आजीबाई अजून होत्या. आमचे पर्युषण संपते आणि पुण्याचा उत्सव सुरू होतो. वर्षानुवर्षे या दोन दिवसांच्या सांध्यावर राहिल्यामुळे मौनातून ढोलात शिरण्याची आम्हा पुणेकर जैनांना सवय झाली आहे.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचे देऊळ आहे. पूर्वी या भागात पासोड्या, म्हणजे जाड्याभरड्या चादरी, विकल्या जात, त्यावरून देवाला हे नाव पडले. पुण्यात देवही व्यापाऱ्यांच्या शेजाराने ओळखले जातात. या देवळाजवळच तापकीर गल्ली. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाची पुण्यातली ही जुनी बाजारपेठ. उत्सवाचे दिवस असल्याने दर्शनी भागात रंगीत दिव्यांच्या माळा लोंबत होत्या, मंडळांचे कार्यकर्ते वायरची भेंडोळी खांद्यावर टाकून घाई करत होते. पण दर्शनी माळा ओलांडून आत गेले की खरी गल्ली लागते. एका दुकानात नुसती रिमोट कंट्रोलची यंत्रे, दुसऱ्यात छताच्या पंख्यांचे कपॅसिटर, तिसऱ्यात मिक्सरची कपलिंगे, चौथ्यात बटणे आणि प्लग. मोठ्या दुकानात वस्तू अखंड मिळते. या गल्लीत ती सुटी मिळते. एखादी वस्तू सुटी मिळते याचा अर्थ तिचा एक भाग गेला तर उरलेली वस्तू वाचते. व्यापारी घरातल्या वाचकांना हे सांगायला नको, पण ही गल्ली ग्राहकाला एक स्वातंत्र्य विकते, जे बंद खोक्यातल्या वस्तूबरोबर मिळत नाही.

संगणकाच्या सुट्या भागांचे एक लहान दुकान गाठले. काउंटरमागचा तरुण तिशीतला असेल. मी पंखा पुढे केला आणि म्हणालो, “याच मापाचा द्या.” त्याने पट्टी लावली. चौकट ९२ मिलिमीटर, जाडी २५, चार पिनांची जोडणी, १२ व्होल्ट. लगेच नवा काढून देईल असे वाटले होते. त्याने आधी जुन्याच्या पात्याला बोटाने टिचकी मारली. चांगला पंखा टिचकीनंतर काही वेळ गिरक्या घेत हळूहळू थांबतो. आमचा अर्धी फेरी मारून अडखळला.

“काका, याला किती वेळा तेल घातलंत?” त्याने विचारले.

“तीनदा,” मी म्हणालो.

“पहिल्यांदा घातलंत ते बरोबर होतं,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा घातलंत तेव्हा उघडून बघायला हवं होतं.”

मग त्याने ते करून दाखवले. चिकटपट्टी आणि शिक्का काढला, खालची रबरी टोपी उचलली, दांड्याच्या टोकाची खाचेतली बारीक चकती टोकदार चिमट्याने सोडवली आणि पात्यांचा भाग दांड्यासकट बाहेर ओढला. दांड्यावर काळी, घट्ट पेस्ट चिकटलेली होती. ते माझे तीन वेळचे तेल आणि नऊ वर्षांची धूळ. त्याने स्पिरिटच्या बोळ्याने दांडा पुसला आणि उजेडात धरला. दांड्याच्या एका बाजूला चकचकीत झिजेचा पट्टा स्पष्ट दिसत होता.

हा बुशचा पंखा होता. बुश म्हणजे कांस्याच्या भुकटीची दाबून, भाजून केलेली बारीक नळी. तिच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांत तेल मुरवलेले असते. पंखा फिरू लागला, थोडा तापला की हे तेल पृष्ठभागावर येते आणि दांडा त्या पातळ थरावर फिरतो. वर्षे जातात तसे तेल उडते, धूळ शिरते आणि धातू धातूवर घासू लागतो. त्या अवस्थेच्या सुरुवातीला पंखा उघडून, जुने तेल पुसून, दोन थेंब नवे तेल मुरू दिले तर पंखा पुन्हा नीट चालतो. त्यासाठी शिलाई मशीनचे पातळ तेल चालते. खोबरेल कधीही वापरू नये. थंडीत ते गोठते आणि उन्हाळ्यात चिकट होते. आपल्या घरांत मात्र पहिला हात खोबरेलाच्या बाटलीकडेच जातो. गंज सोडवण्याचा फवाराही वंगणाच्या जागी वापरू नये. तो उरलेले तेल धुऊन नेतो आणि थोड्याच दिवसांत स्वतः उडून जातो. पण एकदा बुशचे भोक झिजून गोलाचे लंबगोल झाले, पाती बोटाने हलवली तर आडवी डुलू लागली, की तेलाचा उपाय संपला. हे डुलणे त्याने मला माझ्या हाताने अनुभवायला लावले.

“याला आता तेल घालणं म्हणजे बूड गेलेल्या हंड्यात पाणी भरणं,” तो म्हणाला.

त्याच्याकडे दोन प्रकारचे नवे पंखे होते. बुशचा अडीचशे रुपयांना, दोन बॉल बेअरिंगांचा साडेचारशेला. बॉल बेअरिंगचा थोडा अधिक आवाज करतो, पण उष्णतेत आणि सतत वापरात सहसा जास्त टिकतो. मात्र त्याचे बेअरिंग बंदिस्त असते. ते खराब झाल्यावर तेलाने सुधारत नाही, पंखा बदलावाच लागतो. मी मनाशी आकडेमोड केली. मिनिटाला दीड हजार फेऱ्या धरल्या, दिवसाचे आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, तर नऊ वर्षांत आमच्या पंख्याने सुमारे एकशे चौऱ्याण्णव कोटी फेऱ्या मारल्या होत्या. अडीचशे-तीनशे रुपयांची वस्तू यापेक्षा अधिक काय देणार? तिच्यावर चिडण्याचा मला अधिकार नव्हता. मी साडेचारशेचा घेतला. त्याने विचारले की नऊ वर्षांत प्रोसेसर आणि त्यावरच्या ॲल्युमिनिअमच्या जाळीमधली उष्णतावाहक पेस्ट कधी बदलली का. नव्हती. ती वाळून खडूसारखी होते, मग पंखा कितीही चांगला असला तरी उष्णता जाळीपर्यंत पोहोचतच नाही. दीडशे रुपयांची एक लहान नळी घेतली. एकूण सहाशे.

निघताना सहज विचारले, लॅपटॉपचा पंखाही असाच मिळतो का. तो हसला. लॅपटॉपचे पंखे प्रत्येक नमुन्याला वेगळे असतात, तेव्हा मागच्या बाजूचा नमुना-क्रमांक आणल्याशिवाय येऊ नका, म्हणाला. आणि संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या बंद डब्यात जो पंखा असतो तो घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्या डब्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतकी वीज साठून राहू शकते. तो डबा जाणकाराकडे द्यावा किंवा अखंड बदलावा. दुरुस्तीवर पोट असलेला माणूस दुरुस्तीची मर्यादा स्वतःहून सांगतो, तेव्हा त्याच्या बाकीच्या सल्ल्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

त्याचे हंड्याचे वाक्य डोक्यात घोळत होते, म्हणून परत फिरण्याऐवजी कसब्याकडे चालत गेलो. कसबा गणपतीच्या परिसरात तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून तांब्याची भांडी घडवणारे कारागीर इथे वसले. आता घरे थोडी उरली, तरी हातोडीचा ठणठणाट अजून ऐकू येतो. ठोक्याठोक्याने भांड्यावर उमटणाऱ्या त्या नक्षीला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी तांबे घट्ट आणि टणकही होते. एका ओट्यावर म्हातारे कारागीर जुन्या बंबाला नवे बूड बसवत होते. वरचा देह जुना, बूड नवे. मी विचारले, हा बंब दुरुस्त झाला की बदलला? ते म्हणाले, “ज्याचा आहे त्याला विचारा. तो म्हणतो आजोबांचाच आहे.”

माझ्या लहानपणी घरात भांडे घेताना आई दोन भाव विचारत असे, घेण्याचा आणि मोडीचा. तांब्यापितळेचे भांडे कितीही पोचे पडले तरी वजनावर मोड मिळायची. वस्तूची अखेरची किंमत ती विकत घेतानाच ठाऊक असे. वाणिज्य शाखेत पुढे मी अवशिष्ट मूल्य हा शब्द शिकलो, पण तो व्यवहार आईने आधीच शिकवला होता. संगणकाच्या पंख्याला अशी मोड नाही. त्याच्यात चिमूटभर तांबे असते, एक चुंबक, थोडे प्लॅस्टिक आणि एक छोटी पाटी. ते तांबे मिळवण्यासाठी कोठे तरी कोणी तरी उघड्यावर वायर जाळतो आणि तो धूर त्याच्या मुलांच्या फुप्फुसात जातो. म्हणून वस्तू बदलण्याच्या निर्णयात तिच्या शेवटाचा खर्चही धरला पाहिजे. तो दुकानदाराच्या पावतीवर कधीच नसतो.

आपल्या पाच समितींत चौथी आदान-निक्षेपण समिती. वस्तू घेताना आणि ठेवताना यतना बाळगणे. पाचवी उत्सर्ग समिती. टाकताना यतना बाळगणे. ही व्रते साधूंची खरी, पण श्रावकाच्या पेढीलाही ती लागू पडतात असे मला त्या ओट्यासमोर वाटले. देशात ई-कचऱ्याचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच तो जावा अशी त्यांची अपेक्षा आहे. पण नियम असोत वा नसोत, जीर्ण वस्तू कोठे परठवायची याचा विचार करण्याची शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. जुना पंखा मी तापकीर गल्लीत सोडला नव्हता. रुमालात गुंडाळून परत आणला होता.

दुपारी पेढीत आलो. मेहताजींनी टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला होता. जाळी किंचित पिळत सैल करून उचलली, वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी मुगाच्या दोन दाण्यांइतकी मध्यावर ठेवली आणि जाळी पुन्हा घट्ट बसवली. मोबाइलवरचे चित्र पाहून पंखा त्याच दिशेने लावला, चार पिनांची जोडणी तिच्या खाचेत बसवली. संगणक चालू केला. आवाज होता, पण हवेचा. तासभर पावत्यांची भरणा केल्यावर प्रोसेसरचे तापमान पाहिले, ५४ अंश. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आधी स्वतःची गती कमी करतात आणि तरीही भागले नाही तर जीव वाचवण्यासाठी संगणक बंद पाडतात. म्हणजे जन्मवाचनाच्या दिवशी यंत्राने आम्हाला दगा दिला नव्हता. त्याने शेवटचा इशारा दिला होता. पहिले इशारे मेहताजींनी दिले होते.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “मेहताजी, त्या दिवशी चारचौघांत बोललो ते चुकलं. तुम्ही आषाढात सांगितलं होतं. ऐकलं नाही ते मी. मिच्छामि दुक्कडम्.”

ते गडबडले. “साहेब, संवत्सरीला झालं की.”

“ते सगळ्यांना झालं होतं. हे तुम्हाला.”

थोडा वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एक करा साहेब. ही पेटी जमिनीवरून उचला. झाडू मारला की सगळी धूळ हिच्यात जाते. मी मागेही म्हणणार होतो.” त्याच संध्याकाळी सुताराकडून एक फूट उंचीचे लाकडी स्टूल आले.

पुढच्या बैठकीत मी हिशेब मांडला. ३६,००० रुपयांना २०१६च्या अक्षय तृतीयेला घेतलेला संगणक. आयकराच्या नियमांत संगणकाला आज असलेला ४० टक्के घसारा घटत्या शिलकीवर पहिल्यापासून धरला, तर नऊ वर्षांनंतर त्याची पुस्तकी किंमत सुमारे ३६३ रुपये उरते. म्हणजे नवा पंखाच यंत्रापेक्षा महाग! विश्वस्त हसले. पुस्तकी किंमत आणि उपयोगाची किंमत यांत केवढे अंतर असते ते यातून दिसते. वहीतला आकडा शून्याकडे गेला म्हणून वस्तू निकामी होत नाही. आणि वस्तू आपल्या आवडीची आहे म्हणून ती कामाचीही राहत नाही. तरुण विश्वस्ताचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य केला. ऑक्टोबरनंतर हा संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ पावत्या आणि खतावणीसाठी ठेवायचा, बँकेची व ई-मेलची कामे संघाच्या दुसऱ्या, नव्या यंत्रावर करायची, आणि रोज संध्याकाळी नोंदींची प्रत दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यायची, एक पेढीत आणि एक विश्वस्ताच्या घरी. मूळ पाटी किंवा वीजपुरवठा गेला तर मात्र पुन्हा तेल घालत बसायचे नाही, त्या दिवशी नवा संगणक घ्यायचा. ही मर्यादा आधीच लिहून ठेवली. नव्या संगणकावर काम करणारे मेहताजीच असतील, हेही त्याच कागदावर लिहिले. ते वाक्य तरुण विश्वस्तानेच सुचवले.

पेटीच्या सफाईचे वेळापत्रकही ठरले. कार्तिक, फाल्गुन आणि आषाढ अशा तीन चौमासी चौदशी आपण पाळतोच. प्रत्येक चौमासीच्या आधीच्या आठवड्यात झाकणी काढायची, पुंजणीने जीवजंतू दूर करायचे, धूळ काढायची, पात्याला टिचकी मारून आणि हलवून पाहायचे. वर्षातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास. घरोघरीच्या, दुकानोदुकानीच्या संगणकांसाठी वाचकांनीही हा क्रम ठेवून पाहावा. पहिल्या घरघरीला उघडून, पुसून तेल द्यावे. दुसऱ्या घरघरीला डुलते का पाहावे. डुलत असेल तर बदलावे आणि जुना पंखा साठवून अधिकृत संकलन केंद्रावर द्यावा. आणि घरघर ऐकू आल्याचे घरातल्या किंवा पेढीवरच्या कोणी सांगितले, तर तो माणूस कोण आहे हे न पाहता ऐकून घ्यावे.

जुना पंखा पेढीच्या कपाटात एका पाकिटात आहे. त्यावर मेहताजींच्या वळणदार अक्षरात तारीख लिहिली आहे आणि खाली ‘परठवणे बाकी’. सहाशे रुपयांचे व्हाउचरही त्यांनीच केले. मी खर्चाचे शीर्षक सांगायच्या आत त्यांनी लिहून टाकले होते : दुरुस्ती खाते, साधारण.